काम झालं, बिनधास्त जा

लोक त्याला लाइव्हदादा म्हणायचे. आधी पाठीमागे, मग मग तोंडावरसुद्धा. मूळ धंदा वेल्डिंगचा. कोपऱ्यावर पत्र्याचं दुकान, त्यात खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे आणि पाय मोडलेल्या खुर्च्या. हातावर भाजल्याचे डाग, डोळे कायम लाल. पण ओळख झाली ती फोनमुळे. कुठे गटार तुंबलं, दिवा गेला, नळाला गढूळ पाणी आलं की हा हातमोजे काढून फोन उचलायचा आणि सुरू, "नमस्कार मंडळी, बघा काय चाललंय आपल्या भागात!" पेपरवाल्यांना या गल्ल्यांत कुणी मेल्याशिवाय यायला सवड नसते. मग लोकांनी जायचं कुणाकडे? याच्याकडे यायचे.

बायको म्हणायची, "घरातला नळ केव्हाचा गळतोय. त्याचं लाइव्ह कधी?" तो हसायचा. नळ गळतच राहायचा.

आणि खोटं कशाला बोला, त्याच्या व्हिडिओंनी कामं व्हायची. गटारं उपसली गेली, दिवे लागले. पालिकेच्या ज्या ऑफिसात साधा शिपाई मान वर करून बघत नव्हता, तिथे साहेब "या, बसा" म्हणायला लागले. लोकांना वाटायला लागलं की आपल्यालाही तोंड आहे. त्याची स्वतःची एक रीतच होती. तक्रारीचा व्हिडिओ टाकला की काम झाल्यावर त्याच जागी उभं राहून दुसरा टाकायचा, त्याचं नाव 'काम झालं'. तो म्हणायचा, "शिव्या घालणारे पैशाला पासरी मिळतील. पण झालेल्याला झालं म्हणायला यांची जीभ वळत नाही." रीत चांगलीच होती. लाइव्हदादानं झालं म्हटलं म्हणजे झालं, असं लोक धरूनच चालायचे.

त्याला सगळ्यात जास्त ठणका होता तो नाल्यावरच्या पुलाचा. कारण ताई.

आई गेली तेव्हा हा दुसरीत होता. ताईनं त्याला वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. नाल्यापलीकडे शिवणकामाच्या कारखान्यात ती काज-बटणं करायची. पूल ओलांडला की कारखाना समोर. पण पूल लोखंडी आणि पार सडलेला. त्यानं स्वतः नाल्यात उतरून, खालच्या तुळईला बोट लावून गंजाचे पापुद्रे गळताना दाखवले होते. "मंडळी, या पुलावर पाय ठेवायचा नाही. ताई, तुलाही सांगतोय, माझी शपथ आहे." लोकांनी ऐकलं. ताईनं तर ऐकलंच. दुखरा गुडघा घेऊन ती रोज मोठ्या रस्त्यानं फिरून जायची. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," असं म्हणून स्वतःच हसायची. संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळताना मात्र हसायची नाही. ते बघून याचा जीव तुटायचा. हा पूल झाला तर आपण फोन हातात घेतल्याचं सार्थक झालं, असं तो बायकोला म्हणाला होता.

पुलाचे व्हिडिओ टाकून टाकून तो थकला. ऑफिसवाले कानावर हात ठेवायचे. मग एक नवे इंजिनिअर आले. गोड बोलणारे. त्यांनी स्वतः फोन केला. "दादा, तुमच्यासारखे जागरूक नागरिक आहेत म्हणून आम्हाला कळतं तरी. काम होत आलंय, शूट करायला या. ताईंनाही आणा, पहिला मान त्यांचा." हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसाला असं कितीसं लागतं?

तो गेला. वर नवेकोरे पत्रे, कठड्याला हिरवा रंग, साहेबांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट. लोक जमले होते. दुकानात त्याची एक सवय होती. कुणीही मारलेला सांधा असो, स्वतःचासुद्धा, हातोडीनं ठोकून आवाज ऐकल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला देत नसे. सांधा पक्का असला तर खणखणीत वाजतो, कच्चा असला तर भद्द आवाज येतो. त्या दिवशीही हातोडी कमरेला होती. ती बाहेर काढली तर साहेब म्हणाले, "अहो अहो, रंग ओला आहे, डाग पडेल. आणि खालून सगळं नवीन टाकलंय, काळजीच नको." एवढ्या लोकांसमोर साहेबांचा शब्द खोटा पाडायचा? आणि फोन तर आधीच सुरू झाला होता. हातोडी परत कमरेला गेली. खाली नाल्यात उतरायचं त्याच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर लोखंड बघणाऱ्या माणसानं तो पूल बघितला फोनच्या पडद्यात, आणि पडद्यात तो झकास दिसत होता.

"ताई, ये!" तो ओरडला. ताई लाजली, पदर सावरला, आणि निघाली. कठड्याला हातसुद्धा न लावता, लग्नाला निघाल्यासारखी. मधेच थांबून तिनं फोनकडे बघून हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काम झालं, मंडळी! आता बिनधास्त जा. ताई, बिनधास्त जा, मी आहे ना!"

बिनधास्त गेली ती. रोज गेली. आणि एका सकाळी डब्याची पिशवी हातात असताना मधला पत्रा तिच्यासकट खाली गेला.

खाली पाणी नव्हतं, दगड होते. पाठीच्या कण्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा, कमरेखाली आता काही आशा धरू नका. तो ऐकत उभा होता. रडूही आलं नाही त्याला. तिथून तो तडक नाल्यात उतरला. तुळई तीच, जुनी, पापुद्रे गळणारी. नवीन पत्रे तिच्यावर वेल्डिंगचे नुसते दोन-चार टाके मारून चिकटवलेले. उरलेल्या पत्र्यावर त्यानं खालून हातोडी मारली. भद्द. पुन्हा मारली, टाका निघून हातात आला. मोडकी खुर्ची चिकटवावी तसा पूल चिकटवला होता हो मेल्यांनी! आणि हे ओळखायला त्याला एक ठोका पुरला असता.

त्यानं ते सगळं शूट केलं, टाकलं. आता रान पेटेल असं त्याला वाटलं. कसलं रान! खाली लोकांनी लिहिलं, 'तेव्हा तर साहेबांच्या गळ्यात गळा घालून उभे होतात', 'साहेबांशी फिस्कटलं वाटतं'. एकानं लिहिलं, 'माझी बायको तुमच्या शब्दावर रोज त्या पुलावरून जात होती, लाज वाटते का?' याला त्यानं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खरंच वाटत होती लाज. काय लिहिणार?

ऑफिसात चौकशी लागली. लांबलचक टेबल, पलीकडे मोठे साहेब, बाजूला ते गोड इंजिनिअर मान खाली घालून. त्यानं निघालेला टाका टेबलावर ठेवला. साहेबांनी तो बघितलासुद्धा नाही. त्यांनी फोन उचलला आणि त्याचाच व्हिडिओ लावला.

"हे पेज तुमचं?"

"हो."

"हा आवाज?"

"माझाच."

"तुम्ही वेल्डर आहात ना? म्हणजे जाणकार माणूस. आणि या बाई कोण?"

"माझी ताई."

"व्यवस्थित चालताहेत ना?"

साहेब आवाज मऊ करून म्हणाले, "काम चोख होतं हे तुम्हीच जगाला सांगितलंत. नंतर कुणी काय काढून नेलं, ते आम्हाला कसं कळणार?" संपली चौकशी. संध्याकाळी ऑफिसच्या पेजवर तोच व्हिडिओ झळकला, वर लिहिलेलं, 'नागरिकांनीच दिलेली पोचपावती'. त्याचा कुठलाच व्हिडिओ आजवर एवढ्या लोकांनी बघितला नव्हता.

मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी येऊन सांगून गेली की शाळेची भिंत कलली आहे, मुलं तिच्या सावलीत खेळतात, जरा दाखव लोकांना. तो म्हणाला, "आजी, मी दाखवलं तर कुणी खरं मानणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा." ती म्हणाली, "दुसरं आहे कोण रे?" आणि गेली. नंतर कुणी आलं नाही. भिंत अजून तशीच आहे, मुलंही तिथेच खेळतात.

तो पुलाचा व्हिडिओ काढून टाकायचं त्यानं ठरवलं. निदान आपल्या पेजवर तरी त्या इंजिनिअरचं थोबाड नको. ताईच्या खाटेजवळ बसून तो फोनशी खटपट करत होता. ताईचं लक्ष होतं.

"काय पुसतोस रे?"

"काही नाही."

"तो पुलाचा ना? नको पुसूस." ती उशीवरून मान वळवून म्हणाली, "मी चालतेय असं दुसरं कुठे काय आहे आपल्याकडे? एक फोटोसुद्धा नाही. लाव बरं जरा."

त्यानं लावला, पण आवाज बंद करून. हिरव्या कठड्यामधून ताई निघाली, पदर सावरत, हात मोकळे सोडून. मधे थांबली, वळली, हात हलवला. खाटेवरच्या ताईचा हातही थोडासा उचलला गेला.

"आवाज कुठे गेला?" ताई म्हणाली. "तू काहीतरी म्हणाला होतास ना तेव्हा. ते ऐकलं की मला धीर येतो. आवाज लाव."

"राहू दे ना, ताई."

"लाव म्हणते ना."

त्यानं आवाज लावला.