रोझीची ओटी

किन्हवलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तेवढ्यात शेजारच्या कमळीने पिशव्यांकडे बघत विचारलं, "सवतीकडं चाललीस म्हनं?" मी हसून वेळ मारून नेली, पण आतून जळले. कारण कमळी खोटं बोलत नव्हती.

सवतीचं नाव रोझी. निळ्या रंगाची लाकडी होडी, मागे दोन माणसं आडवी होतील एवढी खोली, कोपऱ्यात गॅसची लहान शेगडी. आमचे हे वाशिंदच्या कारखान्यात फिटर होते आणि होडी त्यांच्या जोडीदाराची, वसईच्या पास्कलभाऊंची. नोकरीत असताना ह्यांनी कितीतरी रविवार तिच्यावर घालवले. आता पास्कलभाऊंचे गुडघे गेले. ते म्हणाले, तुळशीचं लग्न झालं की घेऊन जा, शिमग्यापर्यंत दोघं फिरा, आवडली तर कायमची ठेवा. हे ऐकल्यापासून ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. शिमग्याला हे "हो" म्हणणार हे मला माहीत होतं, आणि माझं "नाही" पक्कं होतं. एकदा ही बया कायमची आली की नवरा घरात कशाला थांबतोय? पण भात झोडून झालं होतं, म्हैस सुनेने सांभाळायला घेतली होती. न जायला कारणच उरलं नाही.

वसईच्या खाडीत रोझी पहिल्यांदा दिसली, तेव्हा हे पिशव्या खाली टाकून सरळ तिच्याकडे गेले. नाळेवर (होडीचं पुढचं टोक) हात ठेवला आणि म्हणाले, "कशी हायस गो?" मी मागे तांदळाची गोणी घेऊन उभी. एवढ्या वर्षांच्या संसारात मला हा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही.

पहिला आठवडा मी उलट्या करण्यात घालवला. मुंबई डाव्या हाताला ठेवून आम्ही खाली उतरलो, आणि त्या सगळ्या उंच इमारती मी बादलीच्या कडेवरून पाहिल्या. रेवसच्या पुढे पोट ठिकाणावर आलं. मग मात्र खोटं कशाला बोलू, मजा आली. घाई कसलीच नव्हती. वारा असेल तर शीड, नसेल तर इंजिन, आणि दोन्हीचा कंटाळा आला की एखाद्या खाडीत नांगर टाकून दोन-चार दिवस मुक्काम. सकाळी जवळून जाणाऱ्या होडीवाल्याकडून ओले बोंबील घ्यायचे. सोबतीला आमच्या शेतातल्या तांदळाची भाकरी. मुरुडला एका बाईने मला कालवं फोडायला शिकवलं. बदल्यात मी तिला आमचे सुके वाल दिले, तर दुसऱ्या दिवशी ती आणखी मागायला आली.

पण ह्यांचं काय चाललं होतं? उठले की रोझीच्या फळ्या पुसायच्या, दुपारी इंजिनाला कान लावून बसायचं, संध्याकाळी फटीत कापूस ठोकून वर राळ लावायची. मी काही बोलले की "हां हां". रोझी जरा कुरकुरली की हे ताडकन उभे. माझा गुडघा महिनाभर कुरकुरतोय, त्याची दाद ना फिर्याद. पौषात तिकडे मुरबाडला म्हशाची जत्रा भरली असेल, घोंगड्यांच्या बाजारात आमच्या बायका हिंडत असतील, आणि मी इथे सवतीच्या पोटात बसून सवतीचंच कौतुक ऐकत होते.

दिघीच्या अलीकडे एका लहान धक्क्यापाशी आलो तेव्हा पाणी काठोकाठ होतं. तोवर आम्ही नेहमी नांगरच टाकत आलो होतो. धक्क्याला होडी बांधायची ही पहिलीच वेळ. ह्यांना दोन दिवस ताप होता. "तेवढी बांध गो," म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. मी बांधली. पुढून एक दोर, मागून एक दोर, म्हशीला बांधते तशी आखूड आणि वर गाठीवर गाठ. म्हटलं, बघू आता कुठे भटकतेस. मग हंडा घेऊन गावात गेले.

आमच्या तानसा धरणाचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं ते जूनपर्यंत उतरत राहतं. इथे दुपारच्या दुपारी उतरतं हे मी रोज बघत होते, पण ते डोळ्यांना ठाऊक होतं, हातांना नव्हतं. विहिरीवर गप्पांत वेळ गेला. परत येऊन बघते तर पाणी खाली गेलेलं आणि रोझी दोन दोरांवर लटकलेली, एका अंगावर कलंडून. आत हे.

मी हंडा टाकला. धक्क्यावर एक म्हातारी लाकडं फोडत होती, तिच्या हातातला कोयता ओढून घेतला आणि आधी मागचा दोर तोडला, मग पुढचा. रोझी चिखलात धप्पकन बसली. काहीतरी कडाडलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "म्हस बांदली व्हतीस काय गो?"

हे बाहेर आले ते शेगडीवरच्या कढीने माखलेले. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. ते वाकले, तडकलेली फळी शोधली आणि तिच्यावरून हात फिरवत बसले.

माझा तोल गेला. म्हातारी ऐकतेय, गाव ऐकतंय, कशाचं भान राहिलं नाही. म्हटलं, "माझ्यावरनं कधी फिरवलात असा हात?"

त्यांनी फळीवरचा हात उचलला. मग म्हणाले, "ही फुटंल म्हणून भ्या वाटतं. तू फुटशील असं कधी वाटलंच नाय गो."

"आणि फुटले तर?"

ते होडीतून उतरले. चिखलातून चालत धक्क्यापाशी आले आणि वर हात केला. मी तो धरून खाली उतरले. भरती येईपर्यंत आम्ही कलंडलेल्या होडीत एकमेकांना टेकून बसलो, दुसरं करणार तरी काय! मध्येच त्यांनी विचारलं, "गुडघा कोंचा दुखतो?" मी डावा दाखवला. त्यांनी त्यावर हात ठेवला तो पाणी चढेपर्यंत तसाच होता. अंगात त्यांच्या ताप होता, त्यामुळे छान शेक बसला.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही, कमळी वाचेल. हर्णैपर्यंत गेलो, किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव बघितला, परतीला मी सुकाणू धरायला शिकले. शिमग्याच्या तोंडावर वसई आली.

पास्कलभाऊ काठी टेकत किनाऱ्यावर आले. नवी फळी बघितली, हसले, आणि विचारलं, मग ठेवता काय? माझं "नाही" ओठांवरच होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "हिला इचारा."

ते "नाही" गिळून मी पिशव्या आवरायला लागले. पास्कलभाऊ म्हणाले, सावकाश सांगा, कल्याणचं एक जोडपं रविवारी होडी बघायला येतंय, तोवर कळवा. निघताना मी गोणीतले उरलेले मूठभर तांदूळ, एक नारळ आणि माझा न शिवलेला खण रोझीच्या नाळेवर ठेवून तिची ओटी भरली. सासरी जाणाऱ्या पोरीची भरतात तशी. हे बघत होते.

घरी येऊन चार दिवस झाले. म्हैस सुनेला सरावलेली, मला ओळख देईना. तरी रविवारी सकाळी मीच तिला बांधली आणि चूल पेटवायला बसले. फुंकणी हातात, आणि डोळ्यांपुढे ती कल्याणची बाई. माझ्या शेगडीवर भात टाकणार, माझ्या खिडकीतून बोंबीलवाल्याला हाक मारणार. फुंकणी खाली टाकली. मी फोन लावला आणि पास्कलभाऊंना म्हटलं, "त्या बाईला रोझीत पाय ठेवू देऊ नका."

मागे अंगणात आरडाओरडा झाला. म्हैस कमळीच्या वालात शिरली होती. मी तिला बांधलं होतं, पण दावं दोन हात सैल सोडून. ह्यांनी तिला ओढत आणली आणि हसत हसत मला विचारलं, "इथं कुठं ओहोटी लागणार व्हती गो?"