तोंडवलीतलं गाऱ्हाणं

मुलांना घेऊन निवांत, बिनताणाची सहल कशी आखावी यावर इंटरनेटवर इतका मजकूर आहे, की तो वाचून संपवायलाच एक सुट्टी काढावी लागेल. मी त्यातला बराचसा वाचला. एकाच ठिकाणी राहा, दिवसाला एकच बेत ठेवा, सामान कमी घ्या, मुलांना जरा कंटाळू द्या. आमच्या लहानपणी हे सगळं न आखता घडत असे आणि त्याला गरिबी म्हणत.

आम्हाला मात्र निवांतपणा एका कामासाठी हवा होता. माझी धाकटी बहीण या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून तिची नऊ वर्षांची मुलगी रेवा आमच्याकडे आहे. तिचा बाबा मस्कतला नोकरी करतो. परीक्षा संपली की तो तिला तिकडे नेणार असं ठरलं होतं, आणि रेवा ते घट्ट धरून बसली होती. मग एक दिवस त्याचा फोन आला. तिथे त्याचा नवा संसार सुरू होत होता. रेवा तुमच्याकडेच राहिली तर बरं, असं तो म्हणाला. आम्हाला ती जड नव्हती, पण हे तिला सांगायचं कसं? शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सुचवलं, घाईगर्दीत सांगू नका, निवांत जागी सांगा. निवांत जागा म्हणून मालवणचा किनारा ठरला. माझी बायको मेधा हिने वेळही ठरवली: दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, समुद्रासमोर. बातमी सांगण्याचं असं वेळापत्रक मला विचित्र वाटलं, पण माझ्याकडे त्याहून बरं काही नव्हतं.

मे महिना संपत आला होता. पुण्याहून पहाटे निघालो. मागे आमचा अकरा वर्षांचा ईशान आणि रेवा. ईशान फोंडा घाटात ओकला, त्यामुळे बिनताणाची सहल घाटातच संपली. कसालच्या नाक्यावर चहाला थांबलो. तिथे कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक होता. त्यावर शुभेच्छा देणारे इतके होते, की ज्याला द्यायच्या तो कोपऱ्यात दबून गेला होता. पुढे कट्टा गावात केळी घेतली. केळीवाल्या बाईंनी गाडीत डोकावून सामान पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कशाक इल्यात? दर्यो बंद झालो." (आता कशाला आलात? समुद्र बंद झाला.)

समुद्र बंद होतो, हे मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हतं.

मालवण ओलांडून तोंडवलीला पोचलो तेव्हा बाईंचं म्हणणं पटलं. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. वारा दमट. होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या, काहींवर झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधून झालेली. स्कूटर, पॅराशूट वगैरे पाण्यातल्या खेळांचे तंबू गुंडाळून ठेवलेले. सुरूच्या बनात एक गाय तेवढी फिरत होती. समुद्राचा रंग धुतलेल्या पाटीसारखा.

आमच्या निवासाच्या फलकावर नावाआधी 'रॉयल' आणि नावानंतर 'हेरिटेज' असं लिहिलं होतं. मालक तात्या म्हणजे साठी ओलांडलेले, उन्हाने काळवंडलेले मासेमार. त्यांच्या घरामागे पत्र्याच्या तीन खोल्या होत्या, आणि न्हाणीघरातला सोनेरी नळ सोडला तर राजेशाही असं काही दिसत नव्हतं. मी फलकाकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. म्हणाले, रंगारी म्हणाला तसं लिहून घेतलं, हेरिटेज म्हणजे काय ते त्याला विचारलं होतं, पण त्यालाही माहीत नव्हतं.

ताजी मासळी नव्हती. तात्यांच्या बायकोने, काकींनी, गोलमो (सुकी कोळंबी) कोकम घालून केला होता, सोबत भात आणि घावणे. ईशानने नाक मुरडलं. रेवा मात्र पहिल्या संध्याकाळपासून काकींच्या चुलीशीच होती. काकी ईशानला झिला आणि तिला चेडवा म्हणायच्या. मालवणीत मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगात होतो, 'ता चेडू' म्हणजे ती मुलगी, याची रेवाला फार मजा वाटली. मला म्हणजे माका, तुला म्हणजे तुका, आई म्हणजे आवस, बाबा म्हणजे बापूस, असं तिने भराभर उचललं. जेवताना तिने सगळ्यांना ऐकवलं, "माझो बापूस मस्कताक आसा. मी विमानान जातलंय." (माझा बाबा मस्कतला आहे. मी विमानाने जाणार.) काकींनी तिच्या पाठीवर थाप दिली. मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी घावणा कुठून तोडावा याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. ठरल्याप्रमाणे आम्ही समुद्रासमोर गेलो. वाऱ्याने वाळू तोंडावर येत होती. मेधाने घसा साफ केला आणि तेवढ्यात ईशानचा पाय शिंपल्यावर चिरला. रक्त बरंच आलं. त्याला घेऊन मी मालवणला गेलो, टाके पडले, इंजेक्शन झालं. डॉक्टरांच्या दारात तासभर थांबावं लागलं आणि परतताना ईशानने आइस्क्रीम वसूल केलं.

त्या वेळात मेधा स्वयंपाकघरात बसली होती. काकींनी सहज विचारलं असावं, आणि हिने सगळं सांगून टाकलं. बहिणीचं जाणं, मस्कतचा फोन, रेवाचं आता आमच्याकडेच राहणं. रेवाला अजून हे माहीत नाही एवढंच सांगायचं राहिलं. सांगायचं होतं एकीला, सांगितलं दुसरीला, आणि त्यातलंही एक वाक्य गळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांची होडी वर काढायची होती. शेजारचे पाच-सहा जण आले. त्यांनी ओंडके टाकून, हाळी देत ती झाडाखाली आणली. मग तात्या नारळ घेऊन राखणदाराच्या घुमटीपाशी उभे राहिले. राखणदार म्हणजे गावाच्या वेशीची राखण करणारा देव. त्याच्या दगडाला मूर्तीचा आकारही नव्हता, आणि मला तो त्यामुळेच बरा वाटला. तिथे गाऱ्हाणं घालायचं होतं. आपण गाऱ्हाणं म्हणजे तक्रार समजतो. इथे देवाला सगळी हकिगत मोठ्याने, चारचौघांत सांगून मागणं मागतात आणि जमलेले लोक दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतात. अशा प्रसंगी मी हात जोडतो आणि तोंड बंद ठेवतो. सभेत टाळ्यांच्या वेळीही मी असाच असतो.

मुलांना मात्र हे फार आवडलं. तात्यांनी त्यांना पुढे उभं केलं. "मोठ्यान म्हणा रे पोरांनो. देव म्हातारो आसा, तेका कमी आयकाक येता."

मग त्यांनी आवाज लावला. एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा हा माणूस वेगळाच वाटू लागला.

"हे बा राखणदारा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी आज व्हडी वर काढल्यानी, तिका पावसात सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रेवाचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आमच्या घराक पुण्याचे पावणे इले हत, त्यांका सुखान घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रेवा टाचा उंचावून ओरडली.

"ह्या चेडवाची आवस गेली, बापूस परमुलखात रवलो. मामा-मामीन तेका पोटच्या पोरासारख्या घरात घेतल्यानी हा. आता ताच तेचा घर. तेका थंयसर सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्यांची लय इतकी जोरात होती, की मला अर्थ लागायला वेळ लागला. (मामा-मामींनी हिला पोटच्या पोरासारखं घरात घेतलंय, आता तेच हिचं घर, तिथे हिला सुखात ठेव.) मला आधी जाणवलं ते एवढंच, की या खेपेला वरचा आवाज नव्हता. ईशान ओरडला होता, शेजारी ओरडले होते, काकी डोळे मिटून म्हणाल्या होत्या. रेवा हात जोडून तशीच उभी होती. आवस, बापूस, चेडू, घर. वाक्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता.

तात्यांना काही कळलं नाही. त्यांनी माड, गुरं, गावातली भांडणं असं सगळं देवाच्या कानावर घातलं आणि नारळ फोडला. रेवाने प्रसादाचा तुकडा घेतला आणि माझ्या हातात ठेवला.

मेधा काकींना चुलीपाशी गाठायला गेली. काकी म्हणाल्या, मीच यांना सांगितलं, की चेडवासाठीही चार शब्द घाला. देवापासून कशाला लपवायचं? मग मेधाचा चेहरा बघून त्या थांबल्या.

"तेका म्हायत नाय?" (तिला माहीत नाही?)

मेधाने मान हलवली. काकी पदर तोंडाला लावून उंबऱ्यावरच बसल्या. तात्या त्यानंतर दिवसभर आमच्यासमोर आले नाहीत. त्यांना रागवावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. आमच्यासाठी देवाकडे जे मागायचं, ते त्यांनी नीट, साक्षीदारांसमक्ष मागितलं होतं.

दुपारी, समुद्रासमोर, आम्ही रेवाला सांगितलं. मेधाने चांगली वाक्यं जुळवली होती, ती तिने म्हटली. रेवाने वर्गात एकदा होऊन गेलेला धडा पुन्हा ऐकावा तसं ऐकून घेतलं. मध्येच मी काहीतरी बोललो, ते आता आठवत नाही, आठवण्याजोगं नसणारच. ती वाळूत बोट फिरवत होती. शेवटी तिने विचारलं, "ईशानदादाचे टाके कधी काढणार?" मी म्हणालो, पुण्याला गेल्यावर. ती उठली आणि वर काढलेल्या होडीच्या सावलीत जाऊन बसली. मेधा तिच्या मागे जायला निघाली, मग थांबली.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. काकींनी कोकमं बांधून दिली, रेवाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "परत ये गो चेडवा." रेवा "येईन" म्हणाली. शुद्ध मराठीत. तीन दिवस घोकलेलं मालवणी तिने तिथेच ठेवलं.

कसाल सोडलं आणि पुढे घाट चढायला लागलो. ईशानला ओकारीची गोळी दिली होती, तो झोपला. मेधाही डोळे मिटून होती. धुकं उतरलं होतं, मी गाडी हळू चालवत होतो. मागून रेवाचा आवाज आला.

"मामा, बाबा पण म्हणाला?"

"काय?"

"व्हय म्हाराजा."

मला तो फोन आठवला. मी म्हटलं होतं, ठीक आहे, राहू दे आमच्याकडे. पलीकडून खणखणीत "हो, हो, थँक यू" आलं होतं. खांद्यावरून गोणी उतरल्यावर माणसाचा आवाज होतो तसा. रेवा काय करते, जेवली का, असं काही त्याने विचारलं नव्हतं.

"हो, म्हणाला," मी म्हणालो.

"मोठ्याने?"

पुढे एक वळण होतं, ते मी घेतलं.

"नाही. हळू म्हणाला. मला दोनदा विचारावं लागलं."

आरशात ती दिसत होती. तिने थोडा विचार केला, मग "बरं" म्हणून काचेला कपाळ टेकलं. मेधाने डोळे उघडले नाहीत, पण गिअरवरच्या माझ्या हातावर तिने हात ठेवला.

आता ओळखीचे विचारतात, मुलांना घेऊन निवांत जायला तोंडवली कशी? मी सांगतो, चांगली आहे. माणसं प्रेमळ, घावणे उत्तम, गर्दी नाही. मेअखेरीस जाऊ नका, समुद्र बंद असतो. आणि मुलांना काही सांगायचं राहिलं असेल तर ते घरीच सांगून निघा, कितीही घाईगर्दी असली तरी.

रेवा आमच्या जवळच्या शाळेत जाते. रविवारी मस्कतहून फोन येतो. ती फोन घेऊन खिडकीशी जाते आणि फार हळू बोलते. "ऐकू येत नाही, मोठ्याने बोल," असं तिचा बाबा सांगत असतो, ते आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं.