कंपनीच्या वेगापेक्षा थोडं पुढे

माझ्या कॉम्प्युटरचा स्क्रीन पहिल्यांदा काळा पडला तेव्हा घरात पोहे चालले होते. नवरा बशी हातात घेऊन माझ्या मागेच उभा होता.

"झालं? जळलं ना? बेकार में पंगा घेतलास."

जळलं नव्हतं. थोड्या वेळात स्क्रीन परत आला. कॉम्प्युटरमधलं, स्क्रीनवर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड अडखळलं होतं आणि आपलं आपण सावरलं होतं, एवढंच. मी वाढवलेला त्याचा वेग जरासा खाली आणला आणि टेस्ट पुन्हा लावली.

"पोहे गार होतायत तुमचे," मी म्हणाले.

मी इमारतींची चित्रं बनवते, म्हणजे ज्या इमारती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत त्यांची. आर्किटेक्ट नकाशा देतो. त्यावरून मी कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करते, फरशी टाकते, खिडकीतून ऊन आत आणते, आणि मालकाला त्याच्या न झालेल्या घरातून फिरवून आणते. इंदूरमध्ये विजय नगरच्या एका ऑफिसात बरीच वर्षं हेच केलं. ते ऑफिस बंद झालं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. मी आता आराम करावा यावर सगळ्या नातेवाइकांचं एकमत झालं. माझं मत कोणी विचारलं नाही. मी तुकोगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडलं आणि काम सुरू केलं. त्याच सुमारास नवरा बँकेतून निवृत्त झाला, त्यामुळे माझ्यावर देखरेख करायला माणूसही मिळाला.

या कामाचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. कार्ड किती वेगाने चालावं हे कंपनी ठरवते, पण जरा हात राखून ठरवते, कारण त्या मॉडेलचं प्रत्येक कार्ड तेवढं चाललंच पाहिजे. एखाद्यात त्याहून जास्त दम असतो, एखाद्यात नसतो. आपल्यात किती आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. वेग थोडा थोडा वाढवत जायचं, प्रत्येक वेळी कार्डाला दमवणारी टेस्ट लावायची, ते कुठे अडखळतं बघायचं आणि तिथून मागे यायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते हेच.

ज्याच्याकडून कार्ड घेतलं त्या दुकानदाराला मी याबद्दल विचारलं तर तो हसायलाच लागला. "आंटीजी, ये तो गेमिंग वाले लड़कों के शौक हैं. आप आराम से चलाओ ना."

'आराम' हा शब्द त्या वर्षात मला इतक्या जणांनी ऐकवला होता की घरी येऊन मी चपला काढायच्या आधी कॉम्प्युटर चालू केला.

तो सगळा हिवाळा मी सकाळच्या वेळी हेच करत होते. स्क्रीन कितीदा काळा पडला याची मोजदाद नाही. शेवटी एक आकडा सापडला, ज्यावर टेस्ट न अडखळता पूर्ण झाली. मग कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवला, तीही टिकली. मला इतका आनंद झाला की ज्याला सांगू नये त्यालाच जाऊन सांगितलं.

"म्हणजे किती फायदा?" नवऱ्याने विचारलं.

"तासाभराच्या कामात पाच-सहा मिनिटं वाचतात."

"पाच मिनिटं? पाच मिनिटांसाठी एवढी उठाठेव? कंपनीवाल्यांनी काय येडेपणाने ठरवलंय का?"

"त्यांनी सगळ्यांसाठी ठरवलंय. मी माझ्यापुरतं बघितलं. आणि पाच तर पाच, माझी आहेत ती."

एप्रिलमध्ये दोन शेतकरी भाऊ माझ्याकडे काम घेऊन आले. गौतमपुऱ्याकडे त्यांची शेती होती आणि रस्त्याला लागून असलेल्या तुकड्यावर त्यांना लग्नसमारंभांसाठी भाड्याने द्यायचं मॅरेज गार्डन बांधायचं होतं. एका आर्किटेक्टने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं, हॉलमध्ये पंखा नुसतीच गरम हवा ढवळत होता. मी त्यांना समोर बसवलं आणि त्यांच्या गार्डनमध्ये न्यायला लागले. कमान दाखवली, कारंजं दाखवलं, वरमाला घालायचा स्टेज दाखवला. थोरला खूश होऊन पुढे सरकून बसला.

लॉनवर आलो आणि हिरव्या गवतात जांभळे ठिपके उठले.

"ये फूल हैं क्या?" धाकट्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत ठिपके पसरत स्टेजवर चढले आणि सगळं थिजलं. मग स्क्रीन काळा. नेमका तेव्हाच नवरा चहाचा ट्रे घेऊन आत येत होता.

"मैंने तो पहले ही मना किया था," तो पाहुण्यांकडे बघून म्हणाला. "सुनती ही नहीं है."

स्क्रीन काळा पडला त्याचं मला काही वाटलं नव्हतं; हिवाळाभर तेच तर बघत होते. पण या वाक्याने कानशिलं तापली. थोरला भाऊ अवघडून म्हणाला, "मैडम, मशीन को बुखार है क्या?"

"है," मी म्हणाले. "मैंने थोड़ा ज़्यादा दौड़ा दिया था. आप चाय लीजिए, भाईसाब. चाय ख़त्म होने से पहले आपका गार्डन वापस आएगा."

मग मी नवऱ्याकडे वळले. "अहो, तो कोपऱ्यातला टेबल फॅन जरा इकडे लावा. मशीनच्या तोंडावर."

त्याने ट्रे ठेवला आणि फॅन लावला.

काय झालंय ते मला समजलं होतं. असे रंगीत ठिपके बहुधा मेमरी झेपेनाशी झाली की येतात. माझा आकडा थंडीतल्या सकाळचा होता. आता एप्रिलची दुपार होती आणि कार्ड आधीच तापलेलं होतं. मी मेमरीचा वेग बराच खाली आणला, मुख्य वेग थोडा, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सगळं पूर्ववत कंपनीच्या वेगावर आणायचं बटण तिथेच होतं. त्या घटकेला ते दाबणं सगळ्यात सोपं होतं. मी दाबलं नाही.

लॉन हिरवंगार आलं. आम्ही स्टेजवरून पुढे जेवणाच्या मंडपात गेलो, पार्किंगपर्यंत गेलो, आणि एकही ठिपका उठला नाही. धाकट्याने सांगितलं की त्यांचा ट्रॅक्टरही जेठच्या, म्हणजे ज्येष्ठातल्या, दुपारी असाच नखरे करतो. काम मला मिळालं.

ते गेल्यावर आमचं भांडण झालं.

"माणसांसमोर असं बोलायचं नाही," मी म्हणाले.

"मी काय झूठ बोललो?"

"खोटं नव्हतं. पण ते सांगायचं तर मी सांगणार. कार्ड माझं, चूकही माझी. तुमच्या बँकेत येऊन मी कधी कुणाला सांगितलं का, की ह्यांचा हिशेब घरी कसा चुकतो?"

संध्याकाळी तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "आता तरी कंपनीच्या सेटिंगवर आण. एकदा इज्जत राहिली, बस ना."

मी नाही आणलं. आता मी टेस्ट लावायची वेळ बदलली. मुद्दाम भर दुपारी, आणि टेस्टच्या सॉफ्टवेअरवर न विसंबता त्या मॅरेज गार्डनचंच काम कार्डावर घालून. कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळ काढली. पुन्हा कितीदा तरी स्क्रीन काळा पडला. शेवटी जो आकडा टिकला तो हिवाळ्यातल्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. वाईट वाटलं. पण कंपनीच्या आकड्याच्या तो वर होता, आणि उन्हाळ्यातल्या इंदूरमध्ये, माझ्या टेबलावर, माझ्या कामात टिकत होता. तो मला कोणी दिलेला नव्हता. सांगितलेल्या तारखेच्या आत मी त्या भावांना त्यांचा व्हिडिओ दिला.

मे लागला तेव्हा हॉलमधला उकाडा मलाही सोसेना आणि कार्डालाही. घरात एसी एकच, बेडरूममध्ये, आणि दुपारी तिथे नवऱ्याची झोप असते. मी टेबल उचलून बेडरूममध्ये नेलं. तो जेवून आला तर पलंगाच्या त्याच्या बाजूच्या भिंतीला माझा कॉम्प्युटर लागलेला, पंखे घोंघावत होते.

"अरे, मी कुठे झोपू?"

"हॉलमध्ये. कूलर काढून लावलाय ना."

"मशीनला एसी आणि माणसाला कूलर?"

"मशीन काम करतंय," मी म्हणाले.

तो उशी घेऊन गेला. जाताना दार जरा जोरात ओढलं. थोड्या वेळाने पाणी प्यायला मी बाहेर आले तर कूलरसमोर, तोंड उघडं टाकून, तो गाढ झोपला होता.