बोर्डाची सावली

"अजून थोडा वर घ्या. रस्त्यावरून दिसत नाहीये," रोहन खालून ओरडला.

शिडीवरच्या आमच्या फिटरने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं. माझ्या शेजारी आमचे साहेब, सबनीस, उभे होते. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. पगार ते देत असल्यामुळे बोर्ड वर गेला.

येरवड्यातली एक वस्ती. मे महिन्यातली दुपार. खांबाच्या टोकाला सोलर पॅनल, त्याच्या खाली दिवा, त्याच्याही खाली पेटीत बॅटरी. आणि आता पॅनलच्या पुढच्या कडेला उभा केलेला निळा पत्र्याचा बोर्ड. त्यावर रोहन नोकरीला होता त्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव. दिव्यांचे पैसे कंपनीने दिले होते. त्या काळात पुण्यात एकामागून एक काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांतल्या माणसांना अधूनमधून समाजासाठी काहीतरी करावंसं वाटे. तसं वाटलं की ते आमच्यासारख्यांना फोन करत. आमची भोसरीत एक शेड होती, मी तिथली डिझाइन इंजिनिअर. म्हणजे अख्खं डिझाइन डिपार्टमेंट मी एकटीच.

ही वस्ती मीच सुचवली होती. इथे माझी शालूमावशी राहते. अकोल्याहून मी इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा तिच्या दीड खोलीत राहून शिकले. रात्री मी अभ्यास करत असले की ती दिव्याकडे पाठ करून झोपायची आणि कधी दिवा मालव म्हणाली नाही. तिच्या घरापासून सार्वजनिक संडासापर्यंत एक उतार आहे. दगडी पायऱ्या, त्याही मोडलेल्या. खाली नाल्याची भिंत. मावशीला शुगर आहे. पहाटे उजाडायच्या आत तिला दोनदा तरी जावंच लागतं. आदल्या वर्षी त्या उतारावर ती पडली होती आणि मनगट मोडून घेतलं होतं. सांधलं, पण वाकडं.

काम ठरवायच्या मीटिंगमध्ये मात्र कुणाच्या तोंडून संडास हा शब्द निघेना. रोहनच्या कागदांत त्या उताराचं नाव 'कम्युनिटी पाथवे' होतं. रोहन चांगला मुलगा होता, वाईट नव्हता. हसतमुख, वेळेवर येणारा. त्याने विचारलं, "दिवे किती वाजेपर्यंत लागतील, मॅडम?"

वस्तीचे दोन पुढारी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "साडेदहा-अकरापर्यंत पुरे. मग सगळे झोपतात."

"आणि बायका?" मी विचारलं.

"बायका काय?"

मी सरळ सांगितलं. बायका पहाटे उठतात, अंधारात संडासला जातात, कारण उजाडल्यावर तिथे रांग असते आणि रांगेत पुरुष असतात. दिवा संध्याकाळपेक्षा पहाटे जास्त लागतो. पुढारी जमिनीकडे बघायला लागले. रोहनने लॅपटॉपमध्ये काहीतरी टाईप केलं. सबनीस बाहेर आल्यावर म्हणाले, "सविताबाई, क्लायंटपुढे जरा बेताने."

सोलरच्या दिव्याचं गणित सोपं असतं, फक्त उलटीकडून करायचं असतं. दिवा किती वॅटचा एवढ्यावर भागत नाही. आधी विचारायचं, रात्रीचा शेवटचा तास कोणता. तिथपर्यंत दिवा टिकवायला बॅटरी केवढी लागेल. मग ढगाळ दिवस किती धरायचे, कारण पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. आणि मग एवढी बॅटरी रोज भरायला पॅनल केवढं.

बॅटरीवरून पहिलं भांडण झालं. पर्चेसला गाडीची बॅटरी घ्यायची होती, स्वस्त पडते म्हणून. गाडीच्या बॅटरीचं काम एकच: इंजिन सुरू करताना क्षणभर जोराचा धक्का देणं. मग ती दिवसभर आरामात भरत राहते. दिव्याच्या बॅटरीला रात्रभर हळूहळू रिकामं व्हायचं असतं, रोज, वर्षानुवर्षं. त्यासाठी जाड नळीच्या प्लेटांची ट्यूब्युलर बॅटरी लागते. गाडीची लावली तर एका पावसाळ्यात बसते. हे मी सबनीसांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "बरं, घ्या ट्यूब्युलर. तुमचं तोंड बंद होत असेल तर स्वस्तच आहे ते."

पॅनलही मनासारखं मिळालं. दक्षिणेकडे तोंड, योग्य उतार, जवळपास झाड नाही. चाचणीचा दिवा सकाळी सूर्य वर येईपर्यंत जळत होता. आयुष्यात इतकं नीट काम मला क्वचितच करू दिलं होतं कुणी.

आणि मग बोर्ड आला.

मोठा रस्ता वस्तीच्या दक्षिणेला. पॅनलचं तोंडही दक्षिणेला. त्यामुळे रस्त्यावरून नाव दिसायचं तर बोर्ड पॅनलच्या पुढेच हवा, आणि खालच्या घरांच्या पत्र्यांच्या वर दिसायचा तर पॅनलच्या कडेहून वीतभर वर. मी खाली बसून मातीत काडीने आकृती काढली. "मे महिन्यात सूर्य डोक्यावर आहे, म्हणून सावली पडत नाहीये. डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकतो. बोर्डाची सावली पॅनलच्या खालच्या ओळीवर पडेल."

"एका ओळीनं काय होतंय?" सबनीस म्हणाले. "बाकीचं पॅनल उन्हातच आहे ना?"

पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. नळ गेला की आपण टाकीपासून घरापर्यंत माणसं उभी करून हातोहात बादल्या देतो, तसं. मधला एक हात बांधून उभा राहिला की पुढच्यांना पाणी नाही, मग बाकीचे कितीही दणकट असोत. सावलीतला सेल म्हणजे तो हात बांधलेला माणूस. हे मी सांगितलं. रोहनला पटलंही असावं, तो आकृतीकडे बराच वेळ बघत होता.

"पण मॅडम, व्हिजिबिलिटी तर लागेल. वरून तेच विचारणार. बाजूला लावला तर?"

"लावा ना. पॅनलच्या खाली लावा, दिव्याच्या खाली लावा. माणसं दिव्याखालून जातात, तिथे वाचतील."

"रस्त्यावरून कुठे दिसेल मग?"

सबनीसांनी मला बाजूला घेतलं. "डिसेंबर लांब आहे. ह्यांच्या पुढच्या दोन कॅम्पसची ऑर्डर जवळ आहे. आज टेस्ट पास होतीय ना? मग बास."

उद्घाटन वस्तीतल्या बुद्धविहारापुढच्या पटांगणात झालं. कंपनीचे मोठे साहेब आले, फोटो निघाले, प्रत्येक फोटोत निळा बोर्ड. मावशीने मला गर्दीतून ओढून काढलं आणि जिलबीचा तुकडा तोंडात घातला. "पोरी, आता मले भिंत धरा लागत नाही," ती म्हणाली. तिचं वाकडं मनगट माझ्या गालाला लागलं. मला इतकं बरं वाटलं की बोर्डाचं मी थोडा वेळ विसरले.

पावसाळा निभावला. बॅटरी मोठी होती म्हणून निभावला. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. मग थंडी पडली, रात्री लांबल्या आणि सूर्य खाली आला. मावशीकडे गेले तर ती म्हणाली, "दिवा आता मधीच जाते. पहाटे काही नसते." मी दुपारी खांबाखाली उभी राहून वर बघितलं. बोर्डाची सावली पॅनलच्या खालच्या ओळीवर, मातीत काढली होती तशीच. आपलं बरोबर निघाल्याचा आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही. भोवती जमलेल्या बायकांना मी ती सावली बोटाने दाखवली.

मी ऑफिसात सांगितलं. सबनीस म्हणाले, "कंप्लेंट कुणाची? कंपनीची नाही ना? मग ती कंप्लेंट नाही." रोहनला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, बोर्ड हलवायचा तर ब्रँडिंग टीमचं अप्रूव्हल लागेल. मी टाकतो रिक्वेस्ट." टाकलीही असेल त्याने.

रिक्वेस्ट कुठेतरी पडून होती तेव्हा मावशी पडली. त्याच उतारावर, पहाटे, खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. ह्या वेळी खुब्याचं हाड. शेजारणींनी तिला सतरंजीत घालून वर आणलं. ससून हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "दिवा आहे असं धरून गेली मी," एवढंच म्हणाली. आधी अंधार होता तेव्हा ती कडेची भिंत धरून उतरायची. आम्ही दिवे लावून तिची ती सवय मोडली होती.

त्याच आठवड्यात वस्तीतल्या बायकांनी शिडी आणली आणि सगळे बोर्ड उतरवले. मोडले नाहीत. पुसून विहाराच्या भिंतीला ओळीने लावून ठेवले. थोड्याच दिवसांत बॅटऱ्या भरायला लागल्या आणि दिवे पुन्हा उजाडेपर्यंत जळू लागले. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली दुरुस्ती होती, आणि ती आमच्या कंपनीने केली नव्हती.

जानेवारीत रोहनच्या कंपनीचा फोटोग्राफर आला. वार्षिक समारंभासाठी फोटो हवे होते. बोर्ड नाहीत म्हटल्यावर तो तसाच परत गेला. दोन दिवसांनी सबनीसांच्या केबिनमध्ये मला बोलावणं आलं.

"वस्तीवाल्यांनी मोडतोड केली, असं त्यांचं म्हणणं आहे."

"मोडतोड? दिवे चालू आहेत, साहेब. आता पुन्हा नीट चालू आहेत."

"ते मला सांगू नका. कंपनी दिवे काढून घेतेय. म्हणाले, जिथे कदर आहे तिथे लावू. त्यांच्या कॅम्पसमध्ये. काम आपल्याकडेच दिलंय, उपकार म्हणून समजा. सोमवारी टीम घेऊन जा."

"माझी मावशी तिथे खुबा मोडून पडली आहे."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. "वाईट झालं. पण त्यात आपलं डिझाइन चुकलं नव्हतं ना? तुम्हीच म्हणत होता."

मी सोमवारी गेले नाही. त्याने काही अडलं नाही. फिटर गेले, खांब उपटले, टेम्पोत घातले. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी भांडलं नाही, असं फिटर म्हणाला. एकीने फक्त बोर्ड आणून टेम्पोत ठेवले, म्हणाली, हेही घेऊन जा, तुमचेच आहेत. मी महिन्याभरात ती नोकरी सोडली. सबनीसांनी निरोपाला पेढे दिले. चांगले होते.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या कॅम्पसमध्ये जायची वेळ आली. डिसेंबर होता. हिरवळीच्या कडेने आमचे दिवे उभे होते, निळे बोर्ड पॅनलच्या पुढे, वीतभर वर. शेजारी दर दहा पावलांवर विजेचे मोठे दिवे होते. मी सिक्युरिटीवाल्याला विचारलं, "हे सोलरचे रात्रभर चालतात का हो?"

"ते होय? ते बंद पडतात मध्येच. कधी, ते काही बघितलं नाही, मॅडम. बाकीचे असतात ना."

आता माझं स्वतःचं छोटं काम आहे. नवीन मुलं शिकायला येतात. त्यांना मी बॅटरी शिकवते, पॅनल शिकवते आणि शेवटी एवढंच सांगते: गणित करायच्या आधी विचारा, ह्या दिव्याने कुणाला दिसायचंय आणि कुणाला बघायचंय. दोन्ही माणसं वेगळी निघाली तर लेखी घ्या. बोलण्याला कुणी विचारत नाही.

मावशी वॉकर धरून चालते. उतार तसाच आहे, अंधारही. मी तिला दोन सेलचा टॉर्च घेऊन दिला आहे. बनवणाऱ्याचं नाव त्याच्यावरही आहे, पण ते मुठीखाली येतं. उजेडाच्या आड येत नाही.