घणाचा हात

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे असतील, तर ते मुकुंद वाळिंबे यांचे. ड्युसेलडॉर्फमधल्या मराठी घरांत सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी मला गोल्फ शिकवला असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. करमाळ्याच्या शाळेत शिकलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराने गोल्फबद्दल कृतज्ञ असावं, याचं त्यांना नवल वाटतं. म्हणून हे लिहितो आहे.

काका शिकवताना चेंडूकडे कधीच बघत नसत. सरावाच्या मैदानावर चेंडू जातो त्या दिशेला पाठ करून ते घडीच्या खुर्चीवर बसत आणि समोरच्याचे हात, कोपरं, बुटांच्या टाचा बघत. चेंडू कसा गेला हे त्यांना आवाजावरून कळे. "आल्झो," ते सुरुवात करत. चाळीस वर्षांच्या जर्मनीने त्यांच्या मराठीत ठेवलेला तो शब्द, म्हणजे आपलं 'तर मग'. "आल्झो, चेंडू खोटं बोलतो. चुकीच्या फटक्यानंही सरळ जातो. अंग खोटं बोलत नाही."

नवीन माणसाच्या हातात काठी देण्याआधी ते एकच प्रश्न विचारत: लहानपणी अंगाने कुठलं काम केलंस? माझ्याच ऑफिसातला स्वप्नील मुंबईत वेगवान गोलंदाजी करायचा. त्याला त्यांनी लांब, मोकळा, खांद्यामागे पूर्ण जाणारा स्विंग दिला. पुण्याच्या एक बाई नाच शिकलेल्या होत्या. त्यांना म्हणाले, तुम्ही पायांपासून सुरुवात करा, हात आपोआप मागून येतील. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काही नाही काका, फक्त अभ्यास."

ते खोटं होतं, आणि ते मी सगळीकडेच सांगत आलो होतो. आमच्या कंपनीचे संचालक मोठ्या गिऱ्हाइकांबरोबर गोल्फ खेळत आणि कोणतं काम कोणाला मिळणार ते बरंचसं तिथेच ठरे. मला त्यांच्यात उभं राहायचं होतं. पण इथे नुसती हौस चालत नाही. प्लाट्झरायफे नावाची परीक्षा पास झाल्याशिवाय खऱ्या मैदानावर खेळू देत नाहीत. मी स्वप्नीलची नक्कल करू लागलो. तो सहा फूट, वेतासारखा. मी पाच फूट चार इंच, आखूड मानेचा. तीन महिने व्हिडिओ बघून त्याच्यासारखा वळलो, कंबर धरून बसलो आणि परीक्षेत नापास झालो. आयुष्यात पहिल्यांदाच.

नंतरच्या शनिवारी ऊन होतं. मी बाह्या दुमडल्या होत्या. काकांनी माझं मनगट धरलं आणि कोपरापर्यंतचे बारीक पांढरे डाग बघितले. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या फोर्जमध्ये गेली होती. तापल्या लोखंडाच्या ठिणग्यांचे डाग त्यांना ओळखू येणारच.

"घण कोणाकडे मारलास?"

मी खाली बघत सांगितलं. वडिलांकडे. ते लोहार आहेत. ते सांडशीत लोखंड धरायचे आणि मी बारावीपर्यंत रोज शाळेआधी घण मारायचो.

"आणि मला सांगतोस फक्त अभ्यास. लाजेनं पाठ दुखते रे, दत्ता." मग काठीकडे बोट दाखवून म्हणाले, "घण मारताना जोर लावायचास?"

"नाही. वडील ओरडायचे. घण आपल्या वजनानं पडतो, तू फक्त वाट दाखव म्हणायचे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग ती वाट दाखव."

मी कोपर बरगडीला लावलं, पाय रोवले, काठी खांद्याच्या खालीच थांबवली आणि तिच्या वजनानं खाली येऊ दिली. आखूड, बसका स्विंग. काकांनी मागे वळून बघितलं नाही. आवाज ऐकून नुसती मान हलवली. पुढच्या महिन्यात मी परीक्षा पास झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "अजून अर्धाच झालाय स्विंग. ज्या दिवशी त्या संचालकांत उभा राहून सांगशील की हा हात लोहाराचा आहे, त्या दिवशी पुरा. मला येऊन सांग." नेमका कोणता शब्द वापरला तेही मला आठवतं. येऊन.

ते स्वतः तेव्हाच निम्मे उरले होते. अर्धांगाच्या पहिल्या झटक्यात डावा हात गेला होता. काकू त्याआधीच गेलेल्या. उजव्या हातानं, काठी झाडूसारखी धरून, ते तीस पावलांवरचा चेंडू भोकाजवळ नेत आणि म्हणत, "गेलं ते मोजायचं नाही. उरलंय त्याचा स्विंग शोधायचा." पुढे कंपनीने मला दूरच्या कार्ल्सरूहे शहरात पाठवलं. दर शनिवारचं जाणं महिन्यातून एकदा झालं, मग फोनवर आलं.

यंदा दुसरा झटका आला. एका गुरुवारी त्यांच्या मुलीचा, मीराचा फोन आला. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते आणि देवनागरी तिला वाचता येत नाही. बाबांचं जर्मन सगळं गेलंय, ती म्हणाली. नर्सशी, माझ्याशी, सगळ्यांशी मराठीत बोलतात, तेही तुटक. मला निम्मं कळत नाही. तुझं नाव घेतात. शनिवारी येशील?

त्याच शनिवारी संचालकांनी मला पहिल्यांदा खेळायला बोलावलं होतं. मी म्हणालो, पुढच्या शनिवारी येतो. मीरा फक्त "ओके" म्हणाली.

शनिवारी मी खेळलो. संध्याकाळी काकांना पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण फोनवर त्यांना बोलणं जमणार नाही अशी मी माझी समजूत घातली. आणि हातानं मराठीत लिहिलेलं पत्र हाच खरा मान, असंही वाटलं. वाचणार कोण, हा विचार शिवला नाही. पत्र बुधवारी पोचलं. मीराने ते त्यांच्या समोर धरलं. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं, तेव्हा तिला वाटलं ते वाचताहेत. डॉक्टरांनी तिला नंतर सांगितलं की अक्षर ओळखण्याची शक्ती गेली होती. शुक्रवारी पहाटे काका गेले.

शनिवारी, ठरल्याप्रमाणे, मी पोचलो. मीराने पाकीट माझ्या हातात दिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, यात काय लिहिलंय? त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी तिला ते वाचून दाखवलं.

"ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

आज संचालकांबरोबर खेळलो. सातव्या भोकाजवळ सगळे थांबले होते, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबांनी विचारलं, असा आखूड स्विंग कुठल्या शाळेत शिकलास?  मग सांगितलं, की माझे वडील लोहार आहेत, हा घणाचा हात आहे, आणि तो मला तुम्ही शोधून दिलात. कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, माझे आजोबा खाणीत होते. एवढंच. पुढे खेळलो.

तुम्ही येऊन सांग म्हणाला होतात. आज येऊ शकलो नाही, रागावू नका. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. तुम्हाला बोलायला त्रास होत असेल तर बोलू नका. मी तुमच्याकडे पाठ करून बसेन, तुम्ही नुसती काठी टेकवा, आवाजावरून मला कळेल.

आपला,
दत्ता"