परत केलेली ताटं

आम्रपालीताई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी ताई म्हणत असले तरी ती माझी मैत्रीणच. शिरूर कासारच्या आमच्या वस्तीत ती अंगणवाडी चालवते. अंगणवाडी भरायची समाजमंदिरात. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि घरी बसले, तेव्हा दुपारी तिच्याकडं जायचे. पोरं झोपलेली असायची. खिचडीचं पातेलं घासता घासता ती मला मी वाचत असलेली गोष्ट सांगायला लावायची. गोष्टीतलं कोणी चुकीचं वागलं की तिला राग यायचा. "एवढं कळू नये का माणसाला?" म्हणायची.

ती स्वतः कधी चुकेल, असं मला वाटलं नव्हतं.

समाजमंदिर जुनं. पुढं हॉल, त्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मागं पत्र्याची एक खोली, धुरानं काळी झालेली. त्या खोलीत केशरआत्याची चूल. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. शाळेत जाणाऱ्या पोरांची वसतिगृहात सोय होते. त्याहून लहान पोरांचं केशरआत्या बघते. आईबाप तिच्याकडं धान्य टाकून जातात. पोरं तिच्या चुलीवरचं खातात आणि हॉलमध्ये तिच्याभोवती झोपतात.

यात बोलणं काही नसतं. पोर ठेवायचं असेल तर आई पोराच्या नावाचं ताट आणून मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवते. ताटाच्या काठावर नाव कोरलेलं असतं. पोर शाळेला लागलं की आईबाप ताट मागून नेतात, आत्याला लुगडं घेतात. तोवर ताट बारा महिने फळीवरच. आत्याकडून ताट न मागता घरी आलं, तर त्याचा अर्थ एकच. यंदा तुमचं पोर माझ्याकडं नको. त्यावर कोणी का म्हणून विचारत नाही. उपकार भांडून घेता येत नाही.

ही रीत मला फार नंतर कळली. माझे वडील नोकरीला, माझं ताट त्या फळीवर कधी गेलंच नाही. ताईला मात्र ती लहानपणापासून ठाऊक होती. तिचे आईबाप उसाला जायचे. ती त्याच चुलीवरचं खाऊन मोठी झाली.

मागच्या हिवाळ्यात नगरपंचायतीनं समाजमंदिर नव्यानं बांधायचं मंजूर केलं. आराखड्यात काय हवं ते वस्तीनं सांगावं, असा निरोप आला. बैठक हॉलमध्येच झाली. तोडकरी सगळे उसात. बैठकीला म्हातारी माणसं, नोकरीवाले आणि माझ्यासारखी रिकामी पोरं. शहादेवमामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वस्तीच्या प्रत्येक कामात पुढं. त्यांना दारात मोठी कमान हवी होती, हमरस्त्यावरून दिसेल अशी. कोणाला स्टेज हवं होतं, कोणाला अभ्यासिका. मागच्या खोलीचं नाव कोणी काढेना. शेवटी ताई उठली. कमान पाहिजे तेवढी उंच करा म्हणाली, पण मागं स्वयंपाकघर हवं, धुराडं असलेलं, आणि पोरांना निजायला कोरडी खोली.

"आपल्याला समाजमंदिर बांधायचं हाय का खानावळ?" शहादेवमामा म्हणाले.

"मामा, तुमचा नातू सध्या त्याच खानावळीत जेवतोय."

सगळे हसले. मामाही हसले. स्वयंपाकघर आराखड्यात आलं. इंजिनिअरनं कागद पसरला तेव्हा ताईनं बोट ठेवून दाखवलं, चूल इथं, फळी इथं. बांधकाम होईपर्यंत आत्यानं मामांच्या अंगणातल्या शेडमध्ये चूल मांडायची, हेही तिनंच कबूल करून घेतलं. तिनं सगळा विचार केला होता.

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. पाडापाडी सुरू व्हायच्या बेतात होती. केशरआत्या उमापूरला लेकीकडं गेलेली, डोळ्याच्या ऑपरेशनला. ताईनं समाजमंदिर रिकामं करायला घेतलं. मूर्ती, फोटो, सतरंज्या, मोठी पातेली, सगळं मामांकडं नेऊन ठेवलं. शेवटी फळीवरची ताटं राहिली. गवंडी, मजूर येणार, एखादं ताट जायचं कुठंतरी. म्हणून तिनं ती राखेनं घासली, लख्ख केली, आणि ज्याची त्याला घरोघर नेऊन दिली. मी तिच्याबरोबर होते. बाया दारात यायच्या, ताट हातात घ्यायच्या, काठावरचं नाव बघायच्या, पदरानं पुसायच्या. चहा घेऊन जा म्हणायच्या. एकीनंही काही विचारलं नाही.

परत येताना ताई खुशीत होती. एकसुद्धा ताट हरवलं नाही, म्हणाली.

पावसाळा संपेपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. दिवाळीच्या आधी केशरआत्या आली. तिनं शेड सारवून घेतलं, चूल मांडली, भिंतीला फळी लावून घेतली. फळी रिकामीच राहिली. दिवाळी झाली, एकेक टोळी निघून जात होती. आत्या कोणाला काही बोलली नाही. ताईला एकदा एवढंच म्हणाली, "माजं डोळं गेलं म्हून लोकं पोरं ठिवीनात."

ताईनं तिची समजूत घातली. अंगणवाडी तेव्हा मामांच्या ओसरीवर भरत होती. तिथंही पोरं कमी कमी होत होती. सणाची आजोळी गेली असतील, येतील, असं ताई मला म्हणाली.

शेवटची टोळी निघाली त्या सकाळी आम्ही दोघी रस्त्यानं येत होतो. वस्तीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. चालवायला बाळू, ताईच्याच वयाचा, लहानपणापासून ओळखीचा. मागच्या ट्रॉलीत गोणपाटं, हंडे, कोयते, एक शेळी. आणि गाठोड्यावर पंचू बसलेली. गीताबाईची पंचशीला, अंगणवाडीतली सगळ्यात बडबडी पोर.

ताई थांबली. "गीताबाई, पंचूला कावून नेताय? केशरआत्या हाय की."

गीताबाई गाठोड्याची दोरी आवळत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमीच तर ताट आणून दिलं, ताई."

मी ताईकडं पाहिलं. तिनं ट्रॉलीची कड धरली होती. मग म्हणाली, मी सामान म्हणून दिलं. खोली पाडणार होते म्हणून दिलं.

"आमाला काय ठावं," गीताबाई म्हणाली. "आमी म्हणलं, म्हातारं माणूस, आता हुत नसंल. तोंड उघडून कोण इचारणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला भांडता तरी आलं असतं. बाकीची पोरंही ताटांमुळंच गेली का, असं तिनं विचारलं. गीताबाईनं दोरीला गाठ मारली. पंचूच सांगायला लागली. सोनी गेली, विकी गेला, मामांचा नातूपण गेला. आता मीपण चालले. बोलताना ती पाय हलवत होती.

ताई म्हणाली, ताट आत्ता ठेवा, मी आत्याला सांगते. ताट गाठोड्याच्या तळाला होतं, वर सगळा संसार बांधलेला. आणि ताटाशिवाय पोर ठेवायला गीताबाई तयार होईना. न बोलावता पंगतीत बसल्यासारखं होईल, म्हणाली. पुढची गाडी लांब गेली होती. माणसं खोळंबली होती. कोणीतरी चल बे बाळू, म्हणून ओरडलं.

बाळूनं इंजिन बंद केलं.

"आम्रे," तो मागं न बघता म्हणाला, "तुजं ताट हाय का आजून?"

आहे, म्हणाली ती.

"माजं परत आलतं तवा कुणी गाडी थांबिवली न्हवती. जा, घिऊन ये. थांबतो मी."

ताई पळाली. तिला असं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. परत आली तेव्हा तिच्या हातात जुनं, पोचे आलेलं ताट होतं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव. ते तिनं गीताबाईच्या हातात दिलं. फळीवर ताट आईनंच ठेवायचं असतं. गीताबाई ते घेऊन शेडपर्यंत चालत गेली, ठेवून आली, आणि पंचूला खाली उतरवलं. ट्रॅक्टर वळणावर जाईपर्यंत पंचू हात हलवत होती. मग रडायला लागली.

त्या दुपारी ताईनं मला बाळूचं सांगितलं. तीही तेव्हा पंचूएवढीच होती. केशरआत्या तापानं आजारी, सगळी पोरं झेपेनात. बाळूचं ताट घरी गेलं. दुसऱ्या दिवशी तो बैलगाडीतून उसाला गेला. पुढं शाळेत आलाच नाही. ती गाडी जाताना ताई समाजमंदिराच्या पायरीवर उभी होती.

"तुला ताटाचं ठाऊक नव्हतं गं," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तरी मी घासून, पुसून नेऊन दिली."



संध्याकाळी तिनं केशरआत्याला खरं सांगितलं. तुझ्या डोळ्यांचा काही दोष नाही, ताटं लोकांनी नेली नाहीत, मीच परत केली. आत्या पीठ मळत होती. मळतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी डोळं बरं हायत म्हणायचं." आणि पंचूला जवळ बोलावून तिचं नाक पुसलं.

ताईनं प्रत्येक टोळीला फोन लावले. काहींना उसाच्या फडात रेंज नव्हती. ज्यांचे लागले त्यांना तिनं सगळं सांगितलं, माफी मागितली. लोक चांगलेच बोलले. असू द्या ताई, म्हणाले. हंगाम सुरू झाल्यावर पोरांना आणून सोडायला कोणाला सवड होणार? पुढल्या साली बघू, म्हणाले. सोनीच्या आईनं फोन सोनीच्या कानाला लावला. सोनीनं विचारलं, खिचडी केली का आज. ताईनं हो म्हणून सांगितलं.

स्वयंपाकघर आता पुरं होत आलं आहे. धुराडं छान निघालं. इंजिनिअरनं फळीच्या जागी ग्रॅनाइट बसवून दिलं आणि आवडलं का म्हणून ताईला विचारलं. ती त्या रिकाम्या फळीकडं बघत राहिली.

केशरआत्याच्या हाताला एका पोरापुरता स्वयंपाक येत नाही. पीठ रोज जास्तच मळलं जातं. मग संध्याकाळी ताई शेडमध्ये येऊन बसते, उरलेल्या भाकरी खाते. काल मीही होते. पंचू ताईच्या नावाच्या ताटात जेवत होती.

"तुजं ताट तर माज्याकडं हाय," ती म्हणाली. "मग तू कशात जेवती?"

ताईनं भाकरी तळहातावर घेतली, वर चटणी ठेवली, आणि तिला दाखवली.