झेंडूच्या हाराखालचा दिवा

कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा मी माणूस. चाकणच्या कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम मिळालं, तेव्हा पहिल्यांदा मी जोडीचा दुसरा सर्व्हर बसवला. मुख्य बंद पडला की यानं आपोआप काम उचलायचं. खरंच उचलतो का, हे बघायला मुख्य मुद्दाम बंद करावा लागतो. दर महिन्याला परवानगी मागायचो. साहेब म्हणायचे, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालता राव?" मी चरफडत परत यायचो आणि रोज सकाळी जोडीच्या सर्व्हरचा हिरवा दिवा तेवढा बघायचो.

खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली. माझ्या सर्व्हरांनी काय पाप केलंय, म्हणून मीच हट्टानं त्यांनाही हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, रोषणाईची माळ सोडली. पूजेचा हार सुकेपर्यंत हलवायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत. दिवा हाराखाली गेला.

चार दिवसांनी थेरगावात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती फार घाबरली होती. "आपरेशनच्या दारापत्तुर हात सोडू नगं," एवढंच म्हणाली. मी शब्द दिला. जोडीच्या सर्व्हरच्या भरवशावर रजा टाकली, तरी दवाखान्याच्या बाकावर तिचा हात एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. जीव काही थाऱ्यावर नव्हता.

फोन वाजलाच. शिफ्टचा ऑपरेटर होता. "भाऊ, मेन गेला. प्रॉडक्शनची लाइन उभी हाय. दुसरा उठंना."

"हार बाजूला कर. हिरवा दिवा आहे का?"

"न्हाई. अवो, ह्याच्या पिनेच्या जागी माळ लावलीय की!"

फोटोपुरती, पाच मिनिटांसाठी, ती पिन मीच काढली होती. चार दिवस माळ लुकलुकत होती आणि मी समाधानानं बघत होतो.

आवाज तुटायला लागला तसा आईचा हात सोडून मी रेंजसाठी जिन्यात धावलो. ओरडून ओरडून एकेक पायरी सांगितली. वीस मिनिटांनी लाइन सुरू झाली. परत आलो तर बाक रिकामा होता. खाली तिच्या चपला होत्या.

डोळ्याला पट्टी बांधून ती बाहेर आली. मला स्वतःची लाज वाटली. खाली वाकून मी तिच्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"झालं का रं तुझं सुरू?" तिनंच विचारलं.

"झालं."

"हाक मारली व्हती तुला. तू न्हाईस म्हटल्यावर त्या सिस्टरनं धरला हात. लगेच धरला बघ."